शेवंतीकाकूंचं वय आणि राजापूरची गंगा

ऑफिसातले किस्से म्हणजे फणसाच्या आठळ्या. गरे खाताना त्यांच्याकडे कुणी बघत नाही, नुसत्या टोपलीत पडत राहतात. मग कधीतरी चार मित्र जमले की टोपली पुढे ओढायची आणि एकेक भाजायला घ्यायची.

ऐंशीच्या दशकात मी रत्नागिरीत एका सरकारी ऑफिसात आस्थापना शाखेत क्लार्क होतो. कोण कधी लागला, कुणाची रजा किती उरली, कोण कधी रिटायर होणार, हे लिहून ठेवणं आमचं काम. गंमत अशी की शाखेतले निम्मे लोक स्वतःच अनुकंपा तत्त्वावर लागलेले! घरातला कमावता माणूस नोकरीत असताना गेला, म्हणून त्याच्या घरच्याला घेतलेलं. मीही त्यातलाच. आम्हा सगळ्यांना एकच धास्ती, "आपल्याला पेन्शन बसते ना?" आणि उत्तर देणारा माणूसही एकच, आमचे हेडक्लार्क अण्णा. त्यांना पेन्शनचे नियम पाठ होते. बायकोचा वाढदिवस मात्र दरवर्षी विसरायचे.

*

मी वडिलांच्या जागेवर लागलो. जागा म्हणजे अक्षरशः तीच. तीच खुर्ची, तेच टेबल, छत्री अडकवायचा खिळासुद्धा तोच. पहिल्या दिवशी ड्रॉवर उघडला तर आत वडिलांच्या हातचा अर्धा मसुदा. "आपणांस कळविण्यात येते की," इथपर्यंत येऊन थांबलेला. माझे डोळे भरून आले. अण्णा शेजारी येऊन हळूच म्हणाले, "पुरा कर आणि पाठव. अर्जदार तीन महिने वाट बघतोय."

मी पुरा केला. संध्याकाळी साहेबांनी मला आणि अण्णांना बोलावलं. साहेब कोल्हापूरचे, नवीनच बदलून आलेले. त्यांना आमचा इतिहास ठाऊक नव्हता.

"पत्राच्या मध्यावर अक्षर एकदम सुधारलंय. हे कसं काय?"

अण्णा म्हणाले, "साहेब, मध्यावर माणूस बदलला."

*

माझ्या लग्नाचं बघायला लागले, तेव्हा गुहागरचे एक गृहस्थ थेट ऑफिसात आले. सुपारीची बाग, तोंडात सुपारी. घरी जायच्या आधी माझ्या टेबलाशी आले, नाव विचारून घेतलं आणि अण्णांसमोर जाऊन बसले.

"मुलगा अनुकंपावर लागलाय म्हणतात. ही नोकरी पक्की असते का? पेन्शनेबल आहे?"

अण्णांनी त्यांना नियम समजावला. एकदा लागला की तो इतरांसारखाच, सेवेची वर्षं भरली की पेन्शन. गृहस्थांचं समाधान झालं नाही.

"पत्रिका मागाहून बघू," ते म्हणाले. "आधी सर्व्हिस बुक दाखवा!"

अण्णांनी नियम मोडून पहिलं पान उघडून दाखवलं. गृहस्थांनी चष्मा लावून बोट फिरवत वाचलं. ओळखीची खूण, डाव्या गालावर तीळ. मग उठले, माझ्या टेबलाशी परत आले, माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं आणि गाल नीट तपासला.

"खरं आहे," ते म्हणाले. "मुलगी देतो!"

आमच्या लग्नाला आता पुष्कळ वर्षं झाली. सासरे शेवटपर्यंत मला माझ्या तब्येतीआधी "कन्फर्मेशनची ऑर्डर आली का?" हेच विचारत.

*

आता शेवंतीकाकू. त्यांचे यजमान आमच्या ऑफिसात शिपाई होते. ते अचानक गेले आणि महिन्याभरात काकूंना त्यांच्या जागी घेतलं. पहिले सहा महिने त्या स्टुलाच्या कडेवर बसायच्या, जणू उरलेल्या अर्ध्या स्टुलावर अजून कुणीतरी बसलंय. कुणाशी बोलणं नाही, मान वर नाही.

मग हळूहळू काकू उघडल्या आणि ऑफिसचं घर करून टाकलं. एकदा मुंबईहून कुणी मोठा अधिकारी आला. केबिनच्या दाराशी काकूंनी हात आडवा धरला.

"साहेब जेवतायत."

"मी कोण आहे माहीत आहे का?"

"तुम्ही कोणव असा. तुम्ही जेवलात काय?"

अधिकारी जेवला नव्हता. दहा मिनिटांनी साहेब बाहेर आले, तर पाहुणा काकूंच्या डब्यातली भाकरी आणि कुळथाची पिठी खात बसलेला! त्या वर्षी आमच्या ऑफिसची तपासणी फार चांगली झाली.

*

काकूंच्या नोकरीला पाचवं वर्ष लागलं, तेव्हा अण्णा एकदा जुनी सर्व्हिस बुकं चाळत बसले होते. चाळता चाळता थांबले. काकूंकडे शाळेचा दाखला नव्हता, त्यामुळे लागताना सरकारी डॉक्टरांनी नुसतं बघून वय लिहिलं होतं. बावन्न!

अण्णांनी बोटांवर हिशेब केला. शिपाई साठाव्या वर्षी रिटायर. म्हणजे नोकरी आठ वर्षं. पेन्शनला दहा लागतात.

"काकू, तुम्हाला पेन्शन बसत नाही."

मी धीर द्यायला म्हणालो, "काकू, यजमानांची फॅमिली पेन्शन आहेच की तुम्हाला."

काकूंनी हातातला चहाचा ट्रे खाली ठेवला. "ती त्यांच्या नोकरीची. ह्या ऑफिसाचे जिने मी चढलंय, माझी पेन्शन माका हवी."

वय बदलायचा अर्ज पाच वर्षांच्या आत करावा लागतो आणि हाताशी थोडेच महिने उरले होते. अण्णांनी त्याच दुपारी कागद ओढला.

*

पुरावा काय? काकू मूळच्या राजापूरकडच्या. त्यांनी ठणकावून सांगितलं, "गंगा इली होती, तेवा माझो जन्म. आवस गंगेवर न्हाऊन इली आणि चौथ्या दिवशी मी झालंय!"

साहेब चक्रावले. "गंगा इथं कुठं आली?"

अण्णांनी समजावलं, "साहेब, राजापूरला आमची वेगळी गंगा आहे. दोन-तीन वर्षांनी जमिनीतून एकदम पाणी येतं, काही महिने राहतं, आणि जातं. मधली वर्षं ती रजेवर असते."

"रजेचा अर्ज देऊन जाते का?" साहेब हसले. मग गंभीर झाले. "अहो, पण ती कितीतरी वेळा आली असेल. यांच्या जन्माला कुठली?"

तिथंच घोडं अडलं. अण्णा एका रविवारी एसटीने राजापूरला जाऊन तिथल्या एका पुजाऱ्याची जुनी वही बघून आले. काकूंच्या वयाशी जमणाऱ्या गंगा तीन निघाल्या. पहिली धरली तर काकू लागताना सत्तेचाळीस, दुसरी धरली तर चव्वेचाळीस, तिसरी धरली तर एक्केचाळीस. तिन्हींत पेन्शन बसत होती! साहेबांनी मान हलवली. "तीन वयं लिहिता येत नाहीत. डॉक्टरांकडून एक लिहून आणा."

*

डॉक्टर तेच होते, फक्त त्यांना आठवत नव्हतं. मी आणि अण्णा काकूंना घेऊन गेलो. वाटेत काकू कुठल्याशा गोष्टीवरून अण्णांची चेष्टा करत होत्या, हसतच आत शिरल्या. डॉक्टरांनी त्यांना बघितलं, मग सर्व्हिस बुक बघितलं आणि भडकले.

"चार वर्षांपूर्वी बावन्न? या बाईंना अजून पन्नाशी लागली नाही! कुठल्या शहाण्यानं लिहिलं हे?"

अण्णांनी सहीवर बोट ठेवलं.

डॉक्टरांनी सर्व्हिस बुक जवळ ओढून स्वतःची सही वाचली. मग खालच्या आवाजात म्हणाले, "माझंच मी खोडायचं, तर काहीतरी आधार हवा. जन्म पाहिलेलं कुणी आहे?"

"आवस आसा," काकू म्हणाल्या.

*

पुढच्या सोमवारी काकूंची म्हातारी आई राजापूरच्या एसटीने आली. लुगडं, काठी, काखेत काजूची पिशवी. डॉक्टरांच्या समोरच्या खुर्चीवर मांडी घालून बसली. काकू तिच्या मागे उभ्या, आयुष्यात पहिल्यांदाच घाबरल्यासारख्या.

अण्णांनी वहीतली पहिली गंगा सांगितली. म्हातारी म्हणाली, "तेवा माझा लगीन खय झाला होता?"

अण्णांनी तिसरी सांगितली. "त्या वर्साक ही गंगेत उड्या मारी होती. मीच कान धरून बाहेर काढलंय."

उरली मधली. डॉक्टरांनी पेन उचललं, पण टेकवलं नाही. समोर त्यांचीच सही होती.

"पण आजी, मी त्या दिवशी यांना समोर बसवून बघितलं होतं. एवढी कशी चूक होईल माझी?"

म्हातारीने मागे वळून लेकीकडे बघितलं, आणि मग डॉक्टरांकडे.

"तुमची चूक नाय, डॉक्टरानू. तिचो घोव जाऊन म्हयनो झालो होतो. त्या दिवशी ती शंभर वर्सांची दिसत होती. तुम्ही कमीच लिवलात."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला, परत लावला आणि लिहिलं, चव्वेचाळीस.