कुंदनच्या डोक्याचा फोटो

जळगावजवळच्या पिंप्राळ्याचा कुंदन लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा. वरातीत वाजवणाऱ्यांना कुणी ना कुणी पाजतंच. होता होता त्याला सकाळी उठल्याबरोबर दारू लागायला लागली. सोडायचा, पुन्हा धरायचा. एकदा न पिता राहिला आणि आकडी येऊन अंगणात पडला, तेव्हा बायको दिपमालाने त्याला धुळ्याच्या व्यसनमुक्ती केंद्रात नेलं.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मेंदूचा एमआरआय काढायला लावला. फोटो समोर धरून त्यांनी समजावलं, की मोह आवरणारा कपाळामागचा भाग दारूने बारीक झालाय. अशांची पुन्हा पिण्याकडे वळायची भीती जास्त. नाही प्यायले तर तो थोडाफार भरून येतो, पण बँडकडे फिरकायचं नाही.

कुंदनने बँड सोडला आणि चुलतभाऊ सुकदेवच्या पिठाच्या गिरणीत बसू लागला. दिवाळी कोरडी गेली. दिपमाला हसायला लागली होती.

तुळशीचं लग्न झालं आणि वराती सुरू झाल्या. एक वरात गिरणीसमोरच थांबली. कुंदन पिठाच्या हातांनी दारात येऊन उभा राहिला, मग पायरी उतरून वरातीमागे चालू लागला. सुकदेवने हाका मारल्या, त्याने वळूनही पाहिलं नाही. दुपारी दिपमालाला तो मंगल कार्यालयामागे उष्ट्या पत्रावळींजवळ पडलेला सापडला.

दुसऱ्या दिवशी शुद्धीवर आल्यावर तो भिंतीकडे तोंड करून अहिराणीत बोलला, आपल्या हातात काही नाही म्हणून.

"डोकंच झिजी गयं. मना हातमा काही नही शे."

"मंग मना हातमा काय शे?" दिपमालाने विचारलं.

तिने त्याला अंघोळ घातली, लहान मुलीला शेजारणीकडे ठेवलं आणि धुळ्याची बस धरली. पारोळ्याला बस थांबताच तो उतरायला उठला. घोटभर तरी घेऊ दे म्हणून तो माणसांदेखत तिच्या पाया पडू लागला. तिने त्याला खिडकीकडे ढकललं आणि धुळं येईपर्यंत त्याचा शर्ट मुठीत धरून ठेवला.

बाईंनी त्याला पुन्हा भरती केलं. ही शेवटची वेळ ना, असं दिपमालाने विचारलं. तसं सांगता येणार नाही, त्या म्हणाल्या. पण आणलंत ते बरं केलंत.

आतून कुंदन तिला नावाने हाका मारत होता. ती जिन्यातच बसली. मुलगी शेजारणीकडे वाट बघत होती, जळगावची बस गाठायची होती, आणि तिला उठवत नव्हतं.