साडूभाऊंचा तोंडी रिपोर्ट

आमच्या साडूभाऊंनी आजवर एकाही माणसाचा चेहरा धड पाहिलेला नाही, हे मी देवासमोर उभा राहून सांगायला तयार आहे. ते पाहतात फक्त कोपराची आतली बाजू. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान ग्वाल्हेरच्या मुरार भागातल्या एका पॅथॉलॉजीत चाळीस वर्षं लोकांचं रक्त काढत होते, आणि निवृत्त झाल्यावरही जुन्या पेशंटांच्या घरी स्कूटरवरून जाऊन काढतात. त्यामुळे निम्मं ग्वाल्हेर त्यांना नावानं नव्हे, शिरांवरून आठवतं. "ते नाही का हजीऱ्याचे, डाव्या हाताची रग एकदम बढिया, उजव्याची बिलकुल बेकार," एवढ्यावर ऐकणाऱ्यानं माणूस ओळखायचा. मी मुलगी पाहायला गेलो तेव्हा सगळं सासर माझा पगार, उंची आणि गोत्र विचारत होतं. हे मात्र पोह्यांची बशी हातात धरून माझ्या अर्ध्या बाहीकडे टक लावून बसले होते. शेवटी सासूबाईंना म्हणाले, "देऊन टाका मुलगी. पोरगा पहिल्याच सुईत सापडेल." माझं लग्न याच शिफारशीवर झालं, असा माझा अजून समज आहे.

शिरांइतकंच त्यांचं दुसरं दैवत म्हणजे रिपोर्ट. रक्तात जे आलं ते आलं, त्यात ब्रह्मदेवालाही खाडाखोड करू देणार नाहीत. त्यांच्या सख्ख्या आत्याबाईंना श्रावणात कुणाकडे सवाष्ण म्हणून जेवायला जायचं होतं. घरचे पुरणपोळी खाऊ देणार नाहीत, म्हणून साखरेचा आकडा जरा कमी लिही, अशी त्यांनी भाच्याला गळ घातली. "आत्या, पुरण तू खा, मी कोणाला नाही सांगत. पण आकडा तोच राहील," असं म्हणून यांनी कागद आत्याच्या यजमानांच्या हातात दिला. आत्याबाई दोन वर्षं बोलत नव्हत्या. पाहुणा म्हणून गेले तरी हाच खाक्या. भाजी कशी झालीय विचारलं, तर "मीठ जास्त आहे" म्हणतील आणि वाटी पुन्हा पुढे करतील. पोटात एक आणि ओठांत एक ठेवायची सोयच देवानं या माणसाला दिलेली नव्हती.

सासूबाईंना मुलगा नाही, म्हणून त्या आमच्याकडेच, शहराच्या लष्कर भागात राहत. त्यांना मधुमेह. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी साडूभाऊ सकाळी यायचे, त्यांचं रक्त काढायचे आणि मग चहा घ्यायचे. कोरोनाच्या पहिल्या वर्षीही, तोंडावर दोन-दोन मास्क चढवून, त्यांनी हा नेम मोडला नाही. नेम मोडला मी. घरात बसून बसून जीव उबगला होता, म्हणून एका सकाळी नई सडकेला गेलो आणि मास्क हनुवटीवर ओढून, गर्दीत उभ्यानं दोन कचोऱ्या खाल्ल्या. चौथ्या दिवशी मला ताप भरला. आठव्या दिवशी सासूबाईंना धाप लागली. मी घरच्या घरी बरा झालो, पण त्या अकरा दिवस इस्पितळात ऑक्सिजनवर होत्या. घरात आजारी पडलो तो आधी मी, बाहेर गेलो होतो तोही मीच, तेव्हा गुन्हेगार शोधायला कुणाला लांब जावं लागलं नाही. बायको एवढंच म्हणाली, "दोन कचोऱ्यांसाठी तुम्ही माझ्या आईला..." पुढचं वाक्य तिनं पुरं केलं नाही, आणि त्यानंतर बोलणंच टाकलं. चहाचा कप समोर यायचा, पण "घ्या" हा शब्द यायचा नाही. सासूबाई घरी परतल्या तरी तो अबोला सुटला नाही. लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती, आणि ती मला कधी माफ करील असं मला वाटेनासं झालं होतं.

हे साडूभाऊंना कळलं. त्यांच्याकडे प्रत्येक दुखण्याला एकच उपाय. आले, आणि आम्हा दोघांचे दंड बांधून अँटीबॉडी तपासायला रक्त घेऊन गेले. लस तेव्हा यायची होती, त्यामुळे रक्तात अँटीबॉडी सापडल्या तर त्या आजाराच्याच. दुसऱ्या संध्याकाळी बैठकीत उभे राहून त्यांनी माझा रिपोर्ट वाचला: भरपूर. मग बायकोचा वाचला: थोड्या, पण आहेत. "ताप ज्याला चढतो त्याच्या अंगात बहुधा मोठी फौज उभी राहते," ते मोठ्या उत्साहात समजावू लागले. "आणि ज्याला काहीच होत नाही, त्याची छोटी. ती वापस पण लवकर जाते. पण बीमारी तर तुलाही होऊन गेली, पोरी, आणि तुला माहीतच नाही पडलं!"

त्यांना आपलं शास्त्र सांगायचं होतं. बायकोनं मात्र त्यातलं एकच ऐकलं. ताप नाही, खोकला नाही, आणि सगळे दिवस आईला हातानं भरवणारी तीच. तिचा चेहरा पांढरा पडला. "म्हणजे भावजी... आईला मी दिला?" असं म्हणून ती खाली बसली. जे मी महिनाभर उचलत होतो ते एका क्षणात तिच्या डोक्यावर गेलं, आणि खरं सांगतो, माझं ओझं तसूभरही हलकं झालं नाही.

साडूभाऊ पहिल्यांदाच कोपर सोडून तिच्या तोंडाकडे पाहत होते. मग हातातले कागद त्यांनी घडी करून खिशात घातले. "तू नाही दिला, यानंही नाही दिला. माझा पण पॉझिटिव्ह आला आहे. आई बीमार पडायच्या आधीच्या रविवारी मी आलो होतो ना? दिवसभर बीमार लोकांच्या घरी फिरतो मी. मला पण काही झालं नाही, म्हणून समजलं नाही. गलती माझी आहे. मला जे बोलायचं ते बोला."

आतल्या खोलीतून सासूबाईंचा क्षीण आवाज आला, "जावईबापू, साखर मोजायला येता की जीव घ्यायला?" बायको रडता रडता हसली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "उठा, चहा घ्या." मी तो चहा कसा प्यालो ते माझं मला माहीत.

त्यांना पोचवायला स्कूटरपर्यंत गेलो. म्हटलं, "साडूभाऊ, तुमचा रिपोर्ट जरा दाखवा ना." ते किक मारत राहिले. मग म्हणाले, "माझं रक्त कोण काढणार? मला माझी रगच नाही सापडत." मी स्कूटरचं हँडल धरून ठेवलं. "कोणी कोणाला दिला, हे कोणत्याच रक्तात लिहिलेलं नसतं रे," ते म्हणाले. "यात तुम्ही दोघं जन्मभर कशाला भांडता? माझं काय, मी मुरारला राहतो."

तेव्हापासून आमच्या घरी त्यांना एकच वागणूक मिळाली. दार उघडलं की बायको टॉवेल पुढे करायची, "भावजी, आधी हात." आत सासूबाई टोमणा तयार ठेवून बसलेल्या. हे निमूटपणे बेसिनकडे जायचे, टोमणा ऐकायचे, हसायचे. सख्ख्या आत्यासाठी आकडा न बदलणारा हा माणूस माझ्यासाठी खोटं बोलला आणि ते खोटं दर महिन्याला नव्यानं निभावत राहिला. माझ्यानं त्यांचे आभार मानवले नाहीत. मला भीती वाटायची, की आभार मानले तर ते मोठ्यानं काहीतरी बोलून बसतील आणि सगळं घराला कळेल. खरी भीती अर्थात बायकोच्या अबोल्याची होती.

सासूबाई मागच्या हिवाळ्यात गेल्या, वयानं, झोपेत, कुणालाही दोष न ठेवता. महिन्याभरानं मी बायकोला सगळं सांगितलं. ती उठली, चहा करून आणला, कप पुढे केला आणि म्हणाली, "घ्या." रक्त काढायला आता कुणी नव्हतं, तरी पहिल्या रविवारी साडूभाऊ आलेच. बायकोनं दार उघडलं. टॉवेल नव्हता. तिनं खाली वाकून त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि तशीच राहिली.

साडूभाऊंनी माझ्याकडे रागानं पाहिलं. "सांगितलंस ना? तुझ्या पोटात काहीच नाही राहत!" असं म्हणाले, चपला काढल्या, आणि कुणी न सांगता बेसिनकडे गेले. पाण्याच्या एका थेंबासाठी माझी बायको एरवी घर डोक्यावर घेते. त्या दिवशी नळ बराच वेळ वाहत होता, आणि ती काही बोलली नाही.