उस्तादांचे गुडघे

आमचे भावोजी, म्हणजे ताईचे यजमान, पलटणीत कवायत शिकवायचे. सगळे त्यांना उस्ताद म्हणत. बावीस वर्षं सिमेंटच्या मैदानावर टाच आपटून त्यांनी नव्या पोरांना सावधान-विश्राम शिकवलं. हुकूम सोडतानाचा त्यांचा आवाज आमच्या नाटक कंपनीच्या मालकाने ऐकला असता, तर राजाची भूमिका माझ्याकडून काढून त्यांनाच दिली असती, आणि योग्यच केलं असतं.

निवृत्तीनंतर दोन्ही गुडघ्यांनी राम म्हटला. ऑपरेशन सरकारी खर्चाने व्हायचं, तर गुडघे नोकरीपायीच गेले असं वैद्यकीय मंडळाने मान्य करायला हवं. पहिल्या तपासणीत शेरा पडला: वयोमानाने झीज. ताईने अपील केलं आणि दुसऱ्या तपासणीला मलाही ओढून नेलं.

तिला धास्ती होती ती भावोजींच्या तोंडाची.

डॉक्टरबाईंनी विचारलं, "जिने उतरता येतात?"

"येतात, मॅडम."

"नोकरीत कधी पडलात? मार लागला?"

"नाही. काही झालं नाही. ड्रिल शिकवली."

मी कपाळाला हात लावला. नाटकात कुणी असा स्वतःचाच प्रवेश पाडला, तर आम्ही विंगेतून खाकरायचो.

ताईला मात्र राहवेना. "येतात काय येतात! मॅडम, कसे उतरतात ते विचारा ना."

डॉक्टरबाई उठल्या. "चला, दाखवा."

जिन्याशी भावोजी पाठमोरे वळले, दोन्ही हातांनी कठडा धरला आणि उलटे उतरू लागले, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत. चौथ्या पायरीला शर्टाची पाठ घामाने भिजली. मी जन्मभर लंगड्यांची सोंगं वठवली. त्या सगळ्या टाळ्या परत कराव्याशा वाटल्या.

"असं कधीपासून?"

"नोकरीची शेवटची तीन वर्षं. पोरं मैदानावर गेली, की मग बराकीचा जिना उतरायचो."

"दवाखान्यात का गेला नाहीत?"

"उस्तादच लंगडला तर पोरं काय शिकणार, मॅडम?"

"कुणी पाहिलंय?"

"जोडीचा एक उस्ताद. मी पडू नये म्हणून खालच्या पायरीवर उभा राहायचा."

"त्यांचं लेखी आणा."

ते आणलं. दीड महिन्याने पत्र आलं. ताईने चष्मा लावून मोठ्याने वाचलं, "'दोन्ही गुडघ्यांचा विकार सेवेमुळे.'"

"म्हणजे आता मी सरकारदरबारी लंगडा," भावोजी पुटपुटले.

"घरात होतातच," ताई म्हणाली आणि ऑपरेशनची तारीख मागायला तिने फोन लावला.