दहाच मिनिटे उरली होती

काल नातवाने दौत सांडली आणि शाईच्या वासासरशी मला लोणावळ्यातली तारबाबूच्या नोकरीची परीक्षा आठवली. जागा एकच होती. शेजारच्या बाकावर कामशेतचा इसाक बसला होता. तारेची कटकट कानाने ओळखायला मला त्यानेच शिकवले होते. त्याच्याकडे घड्याळ नव्हते.

“गड्या, किती येळ ऱ्हायला?” त्याने हळूच विचारले.

“लय हाय. अर्धा तास,” मी म्हणालो. दहाच मिनिटे उरली होती.

त्याचे शेवटचे दोन प्रश्न कोरे राहिले. नोकरी मला लागली. निकाल कळताच तो गूळ घेऊन घरी आला.

“माजाच हात हळू चालतो. तू कशाला तोंड पाडतोस?” असे म्हणत त्याने खडा माझ्या तोंडात घातला.

मी तो चघळत राहिलो. पुढे जन्मभर आम्ही भेटत होतो, पण खरे सांगायला जीभ रेटली नाही. आता इसाक नाही.