मावशींचं नाव

वृद्धाश्रमात आईच्या पलंगाशी एक नवीन मावशी बसल्या होत्या. तिला पेज भरवत होत्या. अर्धांगाच्या झटक्यानंतर आईची वाचा गेली आहे. कुणी चिमटा काढला, तरी ती सांगू शकणार नाही.

मी ऑफिसात जाऊन विचारलं, "यांची पोलीस पडताळणी झालीय ना?"

"कागद पाठवलेत, येतील," मॅनेजर म्हणाले. "माणसं मिळत नाहीत हो. पण मावशी अगदी घरच्यासारख्या आहेत."

"नाव काय त्यांचं?"

"मावशीच म्हणतो आम्ही सगळे."

किती सोपं करून ठेवलंय आपण! अनोळखी बाईला मावशी म्हटलं, की ती आईची बहीण होते. आणि आईच्या बहिणीची चौकशी कोण करतं? मीही आत शिरताना "काय मावशी, जेवलात का?" असंच म्हणाले होते. असेलही बाई देवमाणूस. पण आधी कुठे होती, तिथलं काम का सुटलं, तिथली म्हातारी कशी गेली, यातलं मला काहीच ठाऊक नाही.

खोलीत परतले. माझ्या हातून आई कधी धड खात नाही. तोंड फिरवते, थुंकते. मावशींनी चमचा उचलला मात्र, आईनं चटकन तोंड उघडलं.

"बघा, किती शहाण्यासारखं खातात!" मावशी हसल्या.

आईची नजर चमच्यावर नव्हती. ती मावशींच्या दुसऱ्या हाताकडे बघत होती.