दूध मलाही बाधतं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला नाही, देवापुढं हात जोडूनसुद्धा नाही. तुम्हाला सांगतोय — तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. गोष्ट तशी आनंदाची आहे. माझी बायको जिंकली, माझी पोरगी जिंकली. त्या आनंदात मी कुठं उभा होतो, एवढंच सांगायचं आहे.

औरंगपुऱ्यात माझं कापडाचं लहानसं दुकान. गाव कन्नड तालुक्यातलं, घरात आज्या-पणज्यापासून दुधाचा धंदा. आमची पोरगी ओवी झाली तेव्हा माय बाळंतपणाला गावाकडून आली. माझ्या बायकोला, सारिकाला, सकाळी दूध, दुपारी खीर, निजताना हळद घालून पुन्हा दूध. बाळाला अंगावरचं भरपूर मिळावं म्हणून. जीव लावून करत होती बिचारी.

पण ओवीचे गाल लाल होऊन चिघळले. प्यायली की ओकायची, पाय पोटाशी घेऊन रडायची. मग एके दिवशी शीमध्ये रक्ताचे धागे दिसले. औषधं झाली, साबण बदलला, दृष्ट काढली. रक्त काही थांबेना.

"हिच्या अंगावरचं दूधच नासकं हाय," माय म्हणाली. सारिकाच्या तोंडावर म्हणाली. सारिकानं मान खाली घातली आणि पोरीला पदराखाली घेतलं.

मी तिथंच होतो. ऐकत होतो.

मुलांच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरात कुणाला दमा? अंगावर गांधी उठणं? काही खाल्लं की ओठ सुजणं?" सारिका म्हणाली, माझ्या माहेरी तर कुणाला नाही. मग दोघींनी माझ्याकडं पाहिलं. मागं बाकड्यावर माय बसलेली.

मी म्हणालो, "नाही."

लहानच शब्द आहे, नाही का?

मी पहिली-दुसरीत असेन. दादांनी — माझ्या वडिलांनी — धार काढली आणि गरम फेसाळ दूध पेल्यात दिलं. दूध आधीही तोंडाला नको वाटायचं, पण त्या दिवशी ओठ सुजून जाड झाले, अंगभर गांधी उठल्या, श्वासातून शिट्टी वाजायला लागली. मायला वाटलं, गांधीलमाशी चावली. दादांना मात्र कळलं. त्यांनी मला गोठ्यामागं नेलं. "गवळ्याच्या पोराला दूध बाधतं व्हय? लोकांना कळलं तर आपलं दूध कोण घेईल? बोलायचं नाय." तेव्हापासून पेला हातात घ्यायचा आणि कुणाचं लक्ष नसलं की लिंबाच्या बुडाशी ओतायचा. मोठेपणी सांगायला लागलो — मला आवडत नाही, मी कोराच चहा घेतो.

दवाखान्यात बसलो होतो तेव्हा दादांना जाऊनही वर्षं झाली होती. मग मी कुणाला भीत होतो? खरं सांगू — कुणालाच नाही. सवय झाली होती लपवायची. सवयीपुढं माझ्या पोरीचं रक्तही मला कमी वाटलं.

पुढं जे केलं ते सारिकानं. भावाच्या लग्नासाठी ती ओवीला घेऊन वैजापूरला माहेरी गेली. त्यांची गाय भाकड होती, आणि लग्नाच्या धांदलीत कोऱ्या चहावरच दिवस जात होते. तिथं ओवीचे गाल सुकले, रक्त थांबलं. परत आली, मायचे पेले सुरू झाले — आणि काही दिवसांत रक्त पुन्हा हजर.

"आत्याबाई, मी दूध प्यायले की हिला त्रास होतो," ती मायला म्हणाली.

माय हसली. "दुधानं कुठं रगत पडतं व्हय?"

सारिकानं माझ्याकडं पाहिलं. "अहो, तुम्हाला काय वाटतं?"

हा दुसरा प्रसंग. तेव्हा तरी बोलायला काय झालं होतं मला? "डॉक्टर सांगतील ते खरं," म्हणालो आणि चपला घालून दुकानात निघून गेलो. ती एकटी रिक्षा करून पोरीला घेऊन गेली.

डॉक्टरीणबाईंनी तिचं सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, बाळाला अंगावर पाजणं सोडू नका, पण तुमच्या खाण्यातलं दूध, दही, लोणी, तूप, खवा, दूध पावडरीची बिस्किटं सगळं काही आठवडे बंद. मग पुन्हा सुरू करून बघू. बरं झालेलं पुन्हा बिघडलं, तर निदान पक्कं. सारिकानं अक्षरशः तेवढंच केलं. डॉक्टरांनी दिलेल्या कॅल्शियमच्या गोळ्यांवर आणि भाकरी-भाजीवर राहिली, आणि ओवी अशी टवटवीत झाली म्हणून सांगू! मग बाईंच्या सांगण्यावरून दूध पुन्हा घेतलं. रक्त पुन्हा आलं. पोरीच्या शीत रक्त बघून कुणी आई हसेल का? सारिका हसली. रडता रडता हसली. "सापडलं हो! सापडलं!"

पुढच्या वेळी बाईंनी मायला समोर बसवलं. "आजी, सुनेच्या दुधात काही खोट नाही. ओवीला गाईच्या दुधाची अ‍ॅलर्जी आहे. तो अंश आईच्या दुधातून तिच्यापर्यंत जातो."

"मग शेळीचं चालंल का?" मायनं विचारलं.

"शेळीचं नाही, म्हशीचंही नाही. आईचं चालतं."

घरी आल्यावर मायनं स्वतः उठून तुपाचा डबा वरच्या फळीवर ठेवला.

मधल्या काळात मी कुणाला न सांगता एका त्वचेच्या डॉक्टरांकडं जाऊन आलो. हातावर थेंब टाकून सुईनं टोचतात, ती तपासणी. दुधाच्या थेंबाखाली भली मोठी गांध उठली. दूध न पचणं वेगळं, म्हणाले, तुमची ही अ‍ॅलर्जीच आहे, लहानपणापासूनची. बापाला असं काही असलं, तर बाळाच्या बाबतीत डॉक्टर आधीच सावध होतात. मी शर्टाची बाही खाली ओढली आणि बाहेर आलो.

आणि आता गेल्या महिन्यातली गोष्ट. ओवी शाळेत जायला लागली आहे. अशी अ‍ॅलर्जी बऱ्याच मुलांची वाढत्या वयात जाते, म्हणून मोठ्या दवाखान्यात, डॉक्टरांच्या नजरेखाली, तिला दूध देऊन बघायचं ठरलं. आधी चमचाभर. मग थोडं जास्त. मग वाटीभर. नर्स येऊन ओठ बघायची, अंग बघायची, छातीला नळी लावायची. काही नाही! सकाळ सरली, दुपार कलली, तरी काही नाही. ओवी पांढऱ्या मिशा घेऊन म्हणाली, "आई, अजून दे!" नर्ससुद्धा टाळ्या वाजवायला लागली.

माय उठली. सगळ्यांदेखत तिनं सारिकाच्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली. "तूच खरी निघालीस, पोरी. मी लई वाईट बोलले तुला."

सारिका खळखळून हसली. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "बघा, माझं बरोबर होतं!"

होय. तिचं पहिल्यापासून बरोबर होतं. त्या घरात ते ठाऊक असलेला मी एकटाच होतो, आणि मी तिला एकटीला लढू दिलं.