एकाच नावाच्या दोघी

तलासरीच्या दवाखान्यात मी नर्स होते. एकाच पाड्यावरच्या दोन बायकांचं नाव सारखं, नवऱ्यांचंही सारखं. एकदा क्षयाच्या बाईची औषधाची बाटली दुसऱ्या, गरोदर बाईच्या हाती गेली. मी धावत जाऊन फाटकापाशी ती परत घेतली. त्या दिवसापासून प्रत्येक पेशंटला मी स्वतंत्र नंबर दिला, कार्डावर तोच, बाटलीवरही तोच, आणि दोघींकडून आपापला नंबर पाठ करून घेतला.

डॉक्टर हसले. "बाई, माणसांना कसले नंबर?"

पुढच्या खेपेला दोघी एकदमच आल्या. मी नंबर पुकारला आणि नेमकी हवी तीच उठली.

"आता डहाणूच्या दवाखान्यालाही हे शिकवून या," डॉक्टर म्हणाले.

ती गरोदर बाई पुढे बाळ घेऊन आली. "याला पण नंबर दे, बाय. माझा नको, त्याचा सोताचा."

मी ऐटीत नवं कार्ड काढलं.